आचारीच यंत्र होता!

२०१८ साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो आणि तोपर्यंत आयुष्यात एकदाही चुकलो नव्हतो. (शाळा चौथीत सोडली. त्यामुळे चुका काढायला मास्तर उरले नव्हते, हेही एक कारण असेल.)

आम्ही पिढ्यान् पिढ्या बेंगळूरचे, चामराजपेटेतले. तरुणपणी मी एका थिएटरचा सायकल स्टँड सांभाळत असे. सायकली लावून झाल्या की आत जाऊन मागच्या भिंतीला टेकायचं आणि फुकट पिक्चर बघायचा! सुटायची वेळ आली की डोअरकीपर शिट्टी मारायचा आणि मी बाहेर धावायचो. गर्दीच्या आधी स्टँडवर पोचलो नाही तर लोक एकमेकांच्या सायकली घेऊन घरी जायचे.

तिथे एक इंग्रजी पिक्चर महिनाभर चालला. अवकाशात गेलेलं यान, आत मोजकी माणसं, आणि त्यातलाच एक माणूस नसून यंत्र. हिरो त्याला शोधत हिंडतो. शेवटी सापडतो कोण? आचारी! सगळ्यांना वाढतो, स्वतः एक घास खात नाही. इंग्रजीचा गंध नसताना मी हे पहिल्याच खेळाला ओळखलं होतं. बाकी प्रेक्षक मात्र बाहेर यायचे ते भूत बघितल्यासारखे. स्वतःची सायकल समोर असून ओळखू येत नसे. त्यांना इंग्रजी समजलं नाही, म्हणून मला त्यांची कीव यायची.

ही गोष्ट मी बायकोला सांगितली, पोराला सांगितली, नात मेघना झाली तिलाही भात भरवताना सांगितली. आमच्याकडे कोणी जेवत नसला की ‘यंत्र आहे काय रे?’ असं विचारायची पद्धतच पडली.

मेघनाचं लग्न ठरलं ओंकारशी. मुलगा बेंगळूरच्याच एचएसआर लेआउटमधला, कॉम्प्युटरवाला, वडील पुण्याचे कुलकर्णी. सगळं जुळलं, अडलं फक्त एकाच ठिकाणी. लग्न पुण्यात की बेंगळूरला? दोन्हीकडचे हटायला तयार नाहीत. (दोन्हीकडचे म्हणजे कुलकर्णी आणि मी. बाकीच्यांना कुठेही चाललं असतं.)

एका रविवारी दुपारी ओंकारने सगळ्यांना जेवायला बोलावलं. जेवण झाल्यावर कुलकर्णी म्हणाले, भिंतीवर एक जुना पिक्चर लावू या, शेवटी असा धक्का बसतो की माणूस खुर्चीतून उडतो. नाव ऐकताच मी म्हटलं, ‘‘उडण्यासारखं काय आहे त्यात? आचारी यंत्र निघतो.’’

कुलकर्णी हसले. ‘‘आचारी नव्हे हो. कोण ते सांगत नाही, पोरांची मजा जाईल.’’

‘‘मला सांगता? महिनाभर पाहिलाय!’’

‘‘मग लावता पैज?’’

‘‘लावली! आचारी निघाला तर मांडव चामराजपेटेत. नाही निघाला तर पुण्यात.’’

आमचा मुलगा ‘अण्णा, अण्णा’ म्हणत माझा सदरा ओढत होता. बायको मात्र छताकडे बघत बसली होती. तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

पिक्चर सुरू झाला. आचारी वाढत होता, जेवत नव्हता. मी दर घासाला कुलकर्ण्यांकडे बघत होतो. शेवटी पकडला त्याला! डोकं उघडलं, आतून तारांचा गुंता! माणसांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. मी उठलो, दारापाशी जाऊन एक चप्पल पायात सरकवली आणि म्हटलं, ‘‘चला, हॉल कुठला बघायचा?’’

ओंकार हळूच म्हणाला, ‘‘आजोबा, बसा ना. अजून आहे.’’

‘‘अजून काय असणार?’’

अजून होतं. हिरो आरशासमोर निवांत दाढी करायला बसला. वस्तरा जरा निसटला, गाल कापला आणि रक्ताऐवजी बाहेर आली वायर! यंत्र एक नव्हतं, दोन होती, आणि दुसऱ्याला स्वतःलाच ते ठाऊक नव्हतं!

मी एका पायात चप्पल घालून उभा. आता कळलं ते प्रेक्षक स्वतःच्या सायकली का ओळखत नसत!

पण शब्द म्हणजे शब्द. मी मान ताठ केली. ‘‘लग्न पुण्यात. पण आचारी आमचा चामराजपेटेतला येणार.’’

‘‘चालेल,’’ कुलकर्णी म्हणाले. ‘‘पण जेवतो ना तो?’’

परतताना रिक्षात बायको म्हणाली, तिने तो पिक्चर लग्नाआधीच थोरल्या बहिणीबरोबर पाहिला होता.

‘‘मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?’’

‘‘बोलले की, कितीदा तरी. तुम्ही कधी शेवटपर्यंत थांबता?’’

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पहिलं काम काय केलं असेल, तर कोपऱ्यावरच्या चन्नप्पाच्या सलूनमध्ये गेलो आणि तोंडाला साबण असतानाच त्याला सांगितलं, की त्या पिक्चरमध्ये खरं यंत्र हिरोच असतो, मला पहिल्या खेळालाच कळलं होतं. ‘‘पण अण्णा, इतकी वर्षं तर आचारी म्हणत होता!’’ म्हणून तो दचकला आणि वस्तरा माझ्या गालावर स्वल्प लागला. आम्ही दोघेही आरशात वाकून बघत राहिलो. रक्तच आलं. खरं सांगतो, जीव भांड्यात पडला.