बोटबाईंचं खालचं मशीन

कॉम्प्युटरवर अपडेट चालू असताना बोटबाई कधी बसत नसत. खुर्ची मागे सारून उभ्या राहायच्या, पदर कमरेला खोचायच्या आणि पडद्यावरची पट्टी डावीकडून उजवीकडे सरकत पूर्ण होईपर्यंत कुणाशी बोलायच्या नाहीत. चहा आला तर तसाच परत जायचा. साहेबांनी हाक मारली तर डोळे न वळवता नुसता हात वर करायच्या. दूध उतू जाईल म्हणून गॅसपाशी उभी असलेली बाई दिसते, तशा दिसायच्या. फरक एवढाच, की दूध उतू गेलं तर ओटा पुसता येतो.

आमचं ऑफिस ठाण्यात, टेंभी नाक्याजवळच्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर. काम मालवाहू जहाजांना माणसं पुरवायचं. आमची माणसं असलेली अकरा जहाजं, सगळी जुनी, आणि त्यांच्याशी संबंध मेलवर. भर समुद्रात मोबाइल चालत नाही आणि त्या जहाजांवरचं सॅटेलाइटचं नेट म्हणजे करंगळीएवढ्या धारेचा नळ. त्यामुळे तिकडून मेल यायचा तो दाबून दाबून लहान केलेल्या गाठोड्यासारखा. ते गाठोडं सोडवायला आमच्या मेलच्या प्रोग्रामला एक छोटा प्रोग्राम वरून जोडलेला होता. अशा जोडप्रोग्रामला ॲड-ऑन म्हणतात. दुसरं एक ॲड-ऑन आलेले मेल जहाजाप्रमाणे वेगवेगळ्या कप्प्यांत टाकायचं. ही सगळी व्यवस्था सुनंदा परब या बाईंच्या हातात होती. मूळच्या देवगडकडच्या, राहायला विठ्ठलवाडीला. कितीही अगडबंब जहाज असो, त्या त्याला 'बोट'च म्हणायच्या, म्हणून ऑफिसने त्यांची बोटबाई करून टाकली होती.

मी तिथे लागले तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला एक गोष्ट समजावली. "प्रोग्राम नवा झाला म्हणजे ॲड-ऑन आपोआप नवं होत नाही गं. नवऱ्याची बदली पुण्याला झाली म्हणून सासूबाई आपोआप पुण्याला पोचत नाहीत. त्यांचं तिकीट वेगळं काढावं लागतं." हे तिकीट काढायची त्यांची पद्धत ठरलेली होती. टेबलाखाली, पायाशी, त्यांनी एक जुनं मशीन ठेवलं होतं. मेलच्या प्रोग्रामची नवी आवृत्ती आली की आधी ती खालच्या मशीनवर घालायची, दोन्ही ॲड-ऑन चालतात का ते चार दिवस पाहायचं, सगळ्या मेलची वेगळ्या डिस्कवर प्रत काढायची आणि मगच वरच्या मशीनला हात लावायचा. "आधी खालचं, मग वरचं," हे वाक्य दिवसातून एकदा तरी कानावर पडायचंच.

गाठोडं सोडवणारं ॲड-ऑन कुठल्याशा थंड देशातला एक माणूस फावल्या वेळात, फुकट बनवायचा. बोटबाई त्याला न चुकता पत्र लिहायच्या. नवी आवृत्ती येतेय, तुमचं कधी तयार होईल, तब्येत कशी आहे. एकदा तर त्याला पोस्टाने आमसुलं धाडली, सोबत सार कसं करायचं त्याची कृती. मी हसले तेव्हा म्हणाल्या, "हसतेस काय? तो माणूस उद्या कंटाळला ना, तर अकरा बोटी मुक्या होतील."

नवरात्रातली गोष्ट. प्रोग्रामची नवी आवृत्ती येऊन पडली होती आणि त्या थंड देशातल्या माणसाचं उत्तर यायचं होतं, म्हणून बोटबाईंनी दोन्ही मशीनं तशीच ठेवली होती. त्या दिवशी त्या शहाडला बहिणीकडे गेल्या होत्या, बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. सकाळी साहेब माझ्या टेबलाशी आले. "अगं, वरून सिक्युरिटीची नोटीस आलीय. आज बारापर्यंत सगळी मशीनं अपडेट करायचीत. परबबाई नाहीयेत, तू करून टाक ना."

आणि मी केलं. वरच्या मशीनवर, सरळ, बसून. प्रोग्राम बंद झाला, पुन्हा उघडला, आणि कोपऱ्यात एक ओळ आली: दोन ॲड-ऑन या आवृत्तीशी जुळत नाहीत, म्हणून बंद केली आहेत.

बाईंना फोन करायच्या आधी गुपचूप सावरून घ्यावं असं वाटलं. मी जुनी आवृत्ती शोधून परत घातली. तिने उघडायलाच नकार दिला. म्हणे, या मेलच्या पेट्या नव्या आवृत्तीने वापरल्या आहेत, जुन्या आवृत्तीत आता उघडता येणार नाहीत. म्हणजे पुढेही जाता येईना, मागेही येता येईना. झक मारत पुन्हा नवी घातली. यात अर्धा तास गेला. आणि तेवढ्यात एका जहाजाचा मेल येऊन पडला. मथळा तेवढा वाचता येत होता: आजारी माणूस, डॉक्टरांचा सल्ला हवा, तातडीचं. आत नुसती चिन्हांची माती.

साहेबांनी जहाजाचा सॅटेलाइट फोन लावून पाहिला. एकदा, दोनदा, पाच वेळा. लागेना. पुन्हा साधा मेल पाठवा असं आम्ही जहाजाला कळवलं, पण त्यांचं मशीन चार तासांतून एकदाच मेल उचलायचं. आमचे ठरलेले डॉक्टर दुसऱ्या फोनवर थांबले होते. "माणसाला झालंय काय ते तरी सांगा," ते म्हणत होते, आणि आमच्याकडे सांगायला काही नव्हतं. मी बोटबाईंना फोन लावला.

"बाई, मी वरच्या मशीनवर अपडेट केलं. दोन्ही ॲड-ऑन गेली. परत जुनं घालायलाही गेले, तेही होत नाहीये. आणि बोटीवर कुणीतरी आजारी आहे."

पलीकडून एकदम सपाट आवाज आला. "रडू नकोस. आता मी सांगते तेवढंच कर. खालच्या मशीनची नेटची वायर काढ."

"चालू करू आधी?"

"नाही! आधी वायर काढ. चालू केलंस की नेट मिळेल, आणि नेट मिळालं की तेही स्वतःला अपडेट करून बसेल. मग आपण दोघी घरी."

मी टेबलाखाली शिरले. वायर काढली. मशीन चालू केलं. ते जुनं मशीन घरघर करत उठायला लागलं आणि मी फरशीवर बसून वाट बघत राहिले. बोटबाई फोनवर होत्या. त्यांच्या बाजूने रिक्षाचा आवाज यायला लागला होता, त्या निघाल्यादेखील होत्या. "वरच्या मशीनवरचा तो मेल पेनड्राइव्हवर घे. उघडू नकोस, आहे तसा उचल. आता खाली लाव. त्याच्यावर दोनदा क्लिक कर. काय दिसतं?"

आधी काहीच दिसलं नाही. मग अक्षरं आली. जहाजावरचा आचारी. कालपासून पोटात उजवीकडे खाली दुखतंय, ताप, उलट्या. सोबत जहाजावरच्या औषधांची यादी. मी मोठ्याने वाचत गेले आणि साहेब फोनवर डॉक्टरांना सांगत गेले. डॉक्टरांनी मध्ये कुठेही थांबवलं नाही. शेवटी म्हणाले, "अपेंडिक्स असणार. तोंडाने काही देऊ नका, पाणीसुद्धा नाही. यादीतलं तिसरं इंजेक्शन लगेच सुरू करा. आणि जहाज जवळच्या बंदराकडे वळवा. फुटलं तर तिथे कोण काय करणार?"

"उत्तर साधं लिही," बोटबाई सांगत होत्या. "गाठोडं नको. मेलखालची ती कंपनीच्या चित्राची सही आहे ना, ती काढ. तिच्या वजनाने मेल बोटीच्या दारात अडकतो." मी वरच्या मशीनवर पाच ओळी लिहिल्या, सही पुसली, पाठवलं. आता जहाज मेल उचलेल तेव्हा.

दुपारी एकच्या सुमारास बोटबाई आल्या. देवीच्या गर्दीत रिक्षा पुढे येईना, म्हणून कोर्ट नाक्याला उतरून चालत आल्या होत्या. चेहरा घामाने डबडबलेला. माझ्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या. दीडच्या पुढे उत्तर आलं, साध्या अक्षरांत: सल्ला मिळाला, इंजेक्शन दिलं, वळलो आहोत. दोन दिवसांनी त्या आचाऱ्याला बंदरात उतरवलं, ऑपरेशन झालं. तो वाचला.

पण त्या दुपारी हे कुणालाच माहीत नव्हतं. मी म्हणाले, "बाई, चुकलं माझं." माझी समजूत होती, त्या 'असू दे' म्हणतील.

"चुकलंच," त्या म्हणाल्या. "असू दे म्हणणार नाही मी. पण फोनवर पहिल्याच वाक्यात खरं सांगितलंस. मी नव्हतं सांगितलं."

मग त्यांनी जे सांगितलं ते आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. खूप वर्षांपूर्वी त्यांनीही असंच घाईने अपडेट केलं होतं. मेल कप्प्यांत टाकणारं ॲड-ऑन त्यात बंद पडलं आणि बोटीवरच्या एका माणसाच्या घरून मेलने आलेलं पत्र भलत्याच कप्प्यात चार दिवस न वाचता पडलं. वडील अत्यवस्थ आहेत, मुलाला कळवा. मुलगा, सावंत नावाचा इंजिनिअर, तेव्हा बंदरातच होता. विमानाने येऊ शकला असता. निरोप मिळाला तेव्हा जहाज समुद्रात होतं आणि वडील गेले होते. "मी सांगितलं, सॅटेलाइट बिघडला होता. सगळ्यांना पटलं. तो अजून दिवाळीला फोन करतो, बाई कशा आहात म्हणून. तो फोन उचलताना माझा हात जड होतो."

त्या उभ्या का राहायच्या ते मला त्या दिवशी कळलं.

त्यानंतर त्यांनी मला खालचं मशीन शिकवलं. दोन वर्षं शिकवलं, कधी प्रेमाने, बहुतेक वेळा कडक शब्दांत. गेल्या उन्हाळ्यात त्या निवृत्त झाल्या. शेवटच्या दिवशी केक कापून सगळे पांगल्यावर त्यांनी ऑफिसच्या फोनवरून सावंतांना फोन लावला. मी उठायला लागले तर खुणेने बसवलं. "सावंत, ते पत्र माझ्यामुळे राहिलं होतं," इथपासून सुरुवात करून त्यांनी सगळं सांगितलं. सॅटेलाइटचं खोटंही. मग फोन ठेवला.

"काय म्हणाले?"

"काही नाही. ठेवून दिला त्याने."

पिशवी उचलून त्या जिना उतरून गेल्या. त्या दिवाळीला सावंतांचा फोन आला नाही, हे मी मुद्दाम त्यांना विचारून घेतलं होतं. विचारायला नको होतं.

पौषात एकदा ऑफिसचा फोन वाजला. "परबबाई आहेत का? मी सावंत." त्या निवृत्त झाल्याचं सांगितलं, तर म्हणाले, त्यांचा नंबर बदललाय का, लागत नाहीये. थांबा, विचारून सांगते, म्हटलं आणि बोटबाईंना त्यांच्या दिवाळीनंतर घेतलेल्या नव्या नंबरवर फोन लावला. पलीकडे कुकरच्या शिट्ट्या होत होत्या; सावंतांचं नाव ऐकताच त्यांनी गॅस बंद केला.

"आवाज कसा होता त्याचा?"

"साधा होता."

"रागावलेला?"

"कळलं नाही, बाई."

"दे त्याला नंबर," त्या म्हणाल्या. मग घाईघाईने, "नुसता नंबर नको. घरचा पत्ता दे. त्याला काय बोलायचंय ते समोर बसून बोलू दे."

पुढच्या रविवारी सावंत विठ्ठलवाडीला गेले. काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. बोटबाईंनी एवढंच सांगितलं, की सकाळी अकराला आला आणि दिवेलागणीला गेला.