शेवाळाच्या हौदावर दोघे भाऊ

थोरल्याची फुप्फुसं पोहण्याच्या तलावानं खाल्ली. क्लोरीनच्या खोलीला एकच खिडकी होती आणि बाहेर रचून ठेवलेल्या खुर्च्यांमुळे तीही अर्धीच उघडायची. धाकटाही त्याच तलावावर कामाला होता, पण त्याचं खोकल्यावर भागलं. आयुष्यभर दोघांचं काम एकच. शेवाळ दिसलं की घासायचं, औषध टाकायचं, आणि तळाची फरशी काठावरून लख्ख दिसेपर्यंत घरी जायचं नाही. मग तलाव बुजवून तिथं गाड्या लावायची जागा झाली. नोकरीबरोबर राहायची खोलीही गेली. आणि धाकट्यानं शेवाळ पिकवायचा धंदा काढला.

"जन्मभर ज्याचा गळा दाबलास, आता त्याच्याच पाया पडतोस?" ताई म्हणाली. ती दोघांहून मोठी. दुसऱ्या गावात राहते, शिवणकाम करते आणि तोंडानं फटकळ आहे.

कल्पना धाकट्याची नव्हती. एका संशोधन संस्थेनं बेकारांसाठी वर्ग घेतला होता, त्यात शिकवलं की काही बारीक शेवाळांच्या पेशींत तेल असतं आणि त्यावर प्रक्रिया केली की गाडीचं इंधन होतं. बाकीचे लोक पहिल्या आठवड्यात पांगले. धाकटा टिकला. शेवाळाला काय मानवत नाही हे त्याला पाठ होतं; सगळं उलटं केलं की झालं, असं तो म्हणायचा.

जागा मिळाली ती बंद पडलेल्या धोबीखान्याची. शहरातल्या कचरागाड्या चालवणाऱ्या कंत्राटदाराच्या मालकीची. त्याची अट साधी होती. उन्हाचा हंगाम संपायच्या आत तेलाचं पहिलं पिंप द्यायचं, एक गाडी त्यावर चालवून बघू. जमलं तर जागा तुमची, नाहीतर तिथं गाड्यांचं गॅरेज. चादरी भिजवायचे पसरट हौद तयारच होते. धाकट्यानं छपराला पारदर्शक पत्रे बसवले, पाणी हलतं ठेवायला जुन्या मोटरीवर फिरतं चाक लावलं, आणि इस्त्रीच्या खोलीत दोन खाटा टाकल्या.

धंद्याचं खरं कारण त्या दुसऱ्या खाटेवर होतं. थोरल्याला धाप लागायची. कुठल्याही कामावर त्याला कुणी उभं केलं नसतं. ताई त्याला न्यायला तयार होती, पण तिची खोली तिसऱ्या मजल्यावर, जिना उभा. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की हा एकदा वर चढला की पुन्हा खाली उतरेल याची खात्री नाही. धोबीखान्यात जिना नव्हता. थोरला सकाळी हौदाशेजारी खुर्ची टाकून बसायचा, चाकात काही अडकलं तर काठीनं सोडवायचा आणि पाण्यावर नजर ठेवायचा.

"मालक झालो बघ," तो ताईला फोनवर सांगे. "बसून पगार."

"पगार दाखव आधी," ताई म्हणे.

कंत्राटदार बघायला येतो म्हणाला, तेव्हा हौद अजून फिकेच होते. धाकट्यानं घाई केली. संस्थेनं दिलेल्या शेवाळाच्या बियाण्याच्या सगळ्या बाटल्या, राखून ठेवायच्या होत्या त्यासुद्धा, त्यानं हौदांत ओतल्या. पाणी भराभर हिरवं झालं. मग तेल काढायचं यंत्र नीट करून घ्यायला तो लेथवाल्याकडे शेजारच्या गावी गेला. काम लांबलं, मुक्काम पडला. रोज तो फोन करायचा.

"दादा, पाणी कसंय?"

"उत्तम."

"दाट झालं की सांग हं."

"सांगतो रे छोट्या. शेवाळ काय मला नवीन आहे?"

धाकटा यंत्र घेऊन परतला आणि दारातच थांबला. हौदाच्या तळाची जाळी दिसत होती. जाळीतला गंजलेला स्क्रूही दिसत होता. भिंगाखाली पाण्यात पांढरे ठिपके वळवळत होते.

"किडा पडला," संस्थेतल्या बाईंनी फोनवर सांगितलं. "खातो आणि वाढतो. पाणी फिकं पडायला लागताच कळवलं असतं तर औषध होतं. असू दे, बियाणं बाजूला ठेवलंय ना?"

धाकट्यानं कोपऱ्यातल्या रिकाम्या बाटल्यांकडे पाहिलं. नवं बियाणं मिळालं असतं, पण वाढेपर्यंत ऊन कमी होणार होतं.

दुसऱ्या दिवशी कंत्राटदार आला. वाकून हौदात बघत म्हणाला, "हे गाडीला पाजायचंय की मला?" स्वतःच हसला. मग गॅरेजच्या माणसांना कधी पाठवू, ते विचारलं.

तो गेल्यावर धाकट्यानं भावाला विचारलं, "कधीपासून असं झालंय?"

"झाले असतील तीन-चार दिवस."

"मग बोलला का नाहीस?"

थोरल्यानं आधी श्वास गोळा केला. "मला कळत होतं. हिरवं हवंय, एवढं कळतं मला. पण सकाळी बसलो आणि तळ दिसला." पुन्हा थांबला. "बरं वाटलं रे. वाटलं, काम झालं. उद्या सांगू म्हटलं. उद्या अजून लख्ख दिसला."

धाकट्यानं भिंग पुसून खिशात टाकलं.

ताईकडचा जिना थोरला बसत बसत चढला. धाकटा एक पायरी मागे, त्याच्या पाठीला हात लावून. वर पोहोचल्यावर थोरला खाटेवर आडवा झाला आणि बराच वेळ डोळे मिटून राहिला. धाकट्याला निघायचं होतं. कंत्राटदाराकडे गाड्या धुवायचं काम त्यानं पत्करलं होतं, सकाळी हजर व्हायचं होतं. तो खाली रस्त्यावर आला. ताई पोहोचवायला उतरली.

वरून काहीतरी आवाज आला. नीट ऐकू येईना. ताई धापा टाकत वर गेली आणि परत आली.

"विचारतोय, तुला राग आलाय का."

"नाही म्हणून सांग."

"आलाय का?"

"ताई, नाही म्हणून सांग."

ती पुन्हा जिना चढायला लागली.