मेणाचा उजवा हात

हात गेला तेव्हा ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होता आणि घरात पांढऱ्या सॅटिनचे तागे येऊन पडले होते. ईस्टरनंतर आमच्या चर्चमध्ये मुलींचं पहिलं कम्युनियन असतं, म्हणजे ख्रिस्तप्रसाद पहिल्यांदा घेण्याचा विधी, आणि मीरा रोडमधल्या निम्म्या मुलींचे फ्रॉक माझ्या मशीनवर शिवले जायचे. त्या दुपारी काम करता करता डोळा लागला. खुर्चीच्या पाठीवर उजवा हात टाकून मी तशीच झोपले आणि जाग आली तेव्हा मनगट खाली लोंबत होतं. उचलायला गेले तर उचललं जाईना, बोटं सरळ होईनात. कात्री धरली, ती घसरून फरशीवर पडली. आधी वाटलं मुंग्या आल्यात, जातील. संध्याकाळपर्यंत हात तसाच. डॉक्टरांनी दंड दाबून पाहिला, सुया टोचून पाहिल्या आणि सांगितलं की झोपेत नस दबली आहे. पट्टी बांधा, व्यायाम करा, हात परत येईल बहुतेक. पण कधी आणि किती, ते आत्ता सांगता येणार नाही. त्यातलं 'बहुतेक' तेवढं माझ्या डोक्यात बसलं आणि झोप उडाली.

मी जन्माची ख्रिस्ती. माहेर उत्तनचं, मासळी वाळवणाऱ्या घरातलं. लहानपणी संध्याकाळची माळेची प्रार्थना झाल्याशिवाय आई ताट वाढत नसे. लग्न होऊन मीरा रोडला फ्लॅटमध्ये आले आणि हळूहळू सगळं सैल पडत गेलं. रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, चुकवत नव्हते, पण उभी राहायचे मागच्या दारापाशी. प्रवचन चालू असताना पुढच्या बायकांचे ब्लाउज बघायचे, कोणाचा खांदा उतरलाय, कोणाच्या पाठीला चुणी पडलीय. कम्युनियन घेतलं की शेवटच्या गाण्याची वाट न बघता बाहेर, म्हणजे मटणाच्या दुकानात गर्दी व्हायच्या आत नंबर लागतो. देवाशी माझं भांडण नव्हतं. प्रेमही नव्हतं. समोरच्या बिल्डिंगमधल्या माणसाशी असतं तशी ओळख होती, दिसला की मान हलवायची आणि आपल्या कामाला लागायचं.

हात गेल्यावर मात्र मी मान हलवून थांबले नाही, चांगली भांडले. ज्या हातानं तुझ्याच वेदीपुढे जाणाऱ्या पोरींचे फ्रॉक शिवते, तोच हात घेतलास? आई उत्तनहून बस पकडून आली, हात मांडीवर घेऊन बसली आणि म्हणाली की मावलीला हात बोल. आमच्याकडे ही नवसाची रीतच आहे. सप्टेंबरात बांद्र्याच्या टेकडीवर मावलीची, म्हणजे मारियामातेची, जत्रा भरते. ज्याचं जे दुखतं ते मेणाचं करून तिच्यापुढे ठेवायचं. पाय अधू असेल तर मेणाचा पाय, मूल हवं असेल तर मेणाचं बाळ, जागा मिळत नसेल तर मेणाचं घर. मी लगेच बोलले. हात बरा कर, सप्टेंबरात मेणाचा हात आणून ठेवते. आईनं पदरानं डोळे पुसले, स्वतःचे आणि माझेही.

"बोललीस ना? मंग आता रडू नको. मावली हाय."

नवस बोलले आणि दुसऱ्याच दिवशी कळलं की एक हात नसणं म्हणजे काय. स्वयंपाक कसाबसा व्हायचा, नवरा ऑफिसला जायच्या आधी भाजी चिरून द्यायचा, मुलगी पोळ्या लाटायला शिकली. पण केस! माझे केस कमरेपर्यंत. डाव्या हातानं विंचरता येतात, वेणी घालता येत नाही. मुलीची शाळा सकाळची, नवरा वेणी घालायला बसला की नुसता गुंता. एका सकाळी दातात रिबन धरून खटपट केली, जमेना, आणि मी आरशासमोर ढसाढसा रडले. 'प्रभू, हात नको देऊस तर नको देऊस, पण मला असं एकटं का सोडलंस?' असं मोठ्यानं म्हटलं. मग केस तसेच मोकळे सोडून, ब्लाउजची बटणं वरखाली लावून, व्यायामाला जायला म्हणून खाली उतरले.

गेटपाशी वॉचमनच्या खुर्चीवर एक बाई बसली होती. साठीच्या आसपासची, सुती नऊवारी नेसलेली. 'बी' विंगमध्ये तळमजल्यावर राहणारी, एवढंच मला माहीत होतं. नंतर कळलं, तिचं नाव सुमन, लातूरकडची, हाटकेशच्या औद्योगिक वसाहतीत कामाला असलेल्या मुलाबरोबर राहायची. ती कधी गेटवर बसत नसे. त्या सकाळी किल्ली आत राहिली, दार ओढलं गेलं आणि मुलगा येईपर्यंत ती बाहेर अडकली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, माझ्या हाताच्या पट्टीकडे पाहिलं, आणि काही न विचारता खुर्चीवरून उठली.

"बसा हितं," ती म्हणाली.

मी बसले. येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर, भर गेटवर तिनं माझी वेणी घातली. बटणंही नीट लावून दिली. मी आभार मानायला लागले तर म्हणाली की उद्या मीच वर येते, तुम्ही कशाला उतरता. मी म्हटलं, तुम्हाला रोज त्रास कशाला.

"माझे हात रिकामेच हायेत की."

तेव्हापासून ती रोज यायची. तेल लावायची, विंचरायची, वेणी घालायची आणि जायची. चहा घेतला तर घेतला. माझ्या देव्हाऱ्यातल्या येशूकडे बघून कधी काही म्हणाली नाही. तिच्या घरात बुद्धाची तसबीर आणि बाबासाहेबांचा फोटो होता, त्याबद्दल मीही काही विचारलं नाही. फ्रॉकची कामं दुसऱ्या बाईकडे गेली तेव्हा मी चिडचिड केली. तिनं ती ऐकली आणि वेणी जरा घट्ट घातली. पावसाळ्याच्या तोंडावर एका सकाळी ती अशीच मागे बसून विंचरत होती आणि मांडीवर ठेवलेल्या माझ्या हाताचा अंगठा वर उचलला गेला. मी ओरडले नाही. पुन्हा करून पाहिलं, पुन्हा उचलला. मग तिला दाखवलं. ती नुसती हसली आणि हातातली फणी फिरवत राहिली. पुढे एकेक बोट जागं होत गेलं आणि गणपतीच्या दिवसांत मी पुन्हा कात्री धरली.

सप्टेंबरात मी जत्रेला गेले. स्टॉलवर मेणाचे हात रचून ठेवलेले, आणि विकणारी म्हातारी वरचा उचलून देत होती. तो डावा होता. मी म्हटलं, माझा उजवा गेला होता, उजवाच द्या. ती म्हणाली, मावलीला कळतं गो सगळं. मी म्हटलं, तिला कळतं, पण मी उजवा बोललेय. मागची रांग कुरकुरायला लागली, पण मी हटले नाही. म्हातारीनं ढीग उपसून उजवा हात काढून दिला. तो मावलीपुढे ठेवला, मेणबत्ती लावली आणि मन एकदम हलकं झालं. बोलले होते ते फेडलं. घरी येताना कोणीतरी सांगत होतं की जत्रा संपली की हे मेण वितळवतात आणि त्याच्या पुन्हा मेणबत्त्या होतात. माझा हातही वितळणार, असं मनात आलं आणि का कोण जाणे, जरा चुटपुट लागली. पण ती टिकली नाही. पुढच्या रविवारी मी पुन्हा मागच्या दारापाशी उभी होते आणि शेवटच्या गाण्याआधी बाहेर.

दिवाळीच्या आधी सुमनताईला पक्षाघाताचा झटका आला. डावी बाजू गेली. हॉस्पिटलमधून घरी आणलं तेव्हा डॉक्टरांनी मुलाला बजावलं होतं की सुरुवातीचे हे महिनेच महत्त्वाचे, रोज व्यायाम करून घेतला तर पाय परत येईल, नाहीतर ही बाई उठायची नाही. मुलाची ड्युटी पाळीची. दिवसा घरी कोणी नाही. तो म्हणाला, गावी चुलतीकडे ठेवतो. चुलती स्वतःच काठी टेकत चालणारी, तिथं व्यायाम करून कोण घेणार? सगळ्यांना कळत होतं की तिला गावी नेणं म्हणजे खाटेवर कायमचं झोपवणं. ती छताकडे बघत पडून असायची.

मी काय केलं? मला जे येत होतं तेच केलं. सूप करून नेलं आणि मावलीला बोलले. या खेपेला हात नाही, पाय नाही, मेणाची अख्खी बाहुली. मोठ्या उत्साहानं ते सुमनताईला सांगितलं. तिनं वाकड्या झालेल्या तोंडानं हसायचा प्रयत्न केला.

"बरं केलंत. पण वेनी कोन घालनार माझी?"

ती चेष्टेनं म्हणाली होती. तिच्या मनात टोमणा नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. पण मी पाहिलं, तिचे केस उशीवर चिकट होऊन पसरले होते. झटका आल्यापासून त्यांना कोणी फणी लावली नव्हती. मी तिथेच बसले आणि विंचरायला घेतले. माझा उजवा हात सरासर चालत होता, जसा काही कधी गेलाच नव्हता, आणि मला स्वतःची इतकी लाज वाटली की डोळे वर करवेनात. मी प्रभूकडे माणूस मागितलं होतं, त्यानं माणूस पाठवलं. मी मात्र त्याला मेण दिलं, आणि आता पुन्हा मेणच देणार होते.

त्या रविवारी मी पुढे जाऊन बसले. अर्पणाच्या वेळी लोक भाकर आणि द्राक्षारस घेऊन वेदीकडे जातात. एरवी मी तेव्हा घड्याळ बघत असे. फादरांनी ताटली वर उचलली आणि माझ्या आतून शब्द आले, शिकवलेले नव्हते ते. 'मलाही ठेव त्या ताटात. उरलेला वेळ नको, सगळीच घे. हा हात तू परत दिलास, दोन्ही तुझेच आहेत, हवे तिथं लाव.' मला काही दिसलं नाही, आवाज आला नाही. पण मन जे ठरलं ते ठरलं. शेवटचं गाणं मी मोठ्यानं गायले, सुरात की बेसूर ते देवाला ठाऊक. मटण त्या दिवशी मिळालं नाही.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं की मशीन सुमनताईकडे न्यायचं आहे. नाताळचं काम तोंडावर होतं. तो विचारात पडला, काम निम्मं होईल म्हणाला. मी म्हटलं, होऊ दे. तो उठला आणि त्यानं मशीनचं टेबल उचललं. सुमनताईच्या मुलाला मी सांगितलं की गावाचं तिकीट काढू नका, तुमची पाळी सुटेपर्यंत मी इथं आहे. बिल्डिंगमध्ये कुजबुज झाली. कोणी म्हणालं, हिला धर्मात ओढायची आहे. सुमनताईनंच ते परस्पर निकालात काढलं. म्हणाली, माझा धर्म मला ठाऊक हाय, हिला वेणी घालू द्या.

सोपं होतं असं म्हणणार नाही. कूस बदलायची, पुसायचं, पाय वाकवायचा, ताठ करायचा. ती चिडायची, एकदा चहाचा कप भिरकावला. मीही कमी नाही, मीही ऐकवलं. मग मशीनवर बसून शिवण मारता मारता मनात माळ म्हणायचे, 'प्रभू, आज माझ्याच्यानं होत नाही, तू कर.' आणि त्या दुपारी मला पुन्हा उठायचं बळ यायचं. ते कुठून यायचं, यावर वाद घालायला मी बसणार नाही. एकदा तिनं विचारलं की ओठ हलवत काय पुटपुटता. मी सांगितलं. ती म्हणाली, मग जरा मोठ्यानं म्हणा की, मला झोप तरी लागेल. तेव्हापासून भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीखाली माझी माळ मोठ्यानं चालायची, आणि ती खरोखरच घोरायची.

उन्हाळ्यात ती काठी घेऊन गेटपर्यंत चालली आणि वॉचमनच्या खुर्चीवर बसली. पाय आला, हात मात्र पुरता आला नाही. तिची वेणी मीच घालते, आजही. हे माझं पुण्य वगैरे नाही. त्या घरात गेले नसते तर मी आयुष्यभर दारापाशीच उभी राहिले असते. तिला गावी जावं लागलं नाही हे खरं, पण त्या खाटेवरून उठवलं गेलं ते आम्हा दोघींनाही.

पुढच्या सप्टेंबरात मी टेकडीवर गेले. तीच म्हातारी स्टॉलवर होती आणि तिनं मला लांबूनच ओळखलं. उजव्या हातासाठी रांग अडवणारी बाई कोण विसरेल. तिनं खालून एक मेणाचा हात काढून पुढे केला.

"उजवाच ना गो? ठेवलाय तुझ्यासाठी."

बाहुली बोलले होते ते मी विसरले नव्हते. वर जाऊन मावलीलाच सांगणार होते, की मेणाची बाहुली आणली नाही, समजून घे. मी म्हातारीचे आभार मानले आणि हात परत ढिगावर ठेवला. सकाळी सुमनताईच्या डोक्याला चोळलेल्या तेलाचा वास अजून माझ्या बोटांना येत होता.

"नको मावशी. या वर्षी मी माझाच आणलाय."