दुसरी गुनहिल्ड

शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झाल्यावर आर्लिस त्वाइतने चर्चची नोंदींची जुनी दप्तरं उघडली, ती पुन्हा मिटलीच नाहीत. मिनेसोटाच्या त्या खेड्यात कुणाचे पणजोबा नॉर्वेतल्या कुठल्या खोऱ्यातून आले, हे तिलाच विचारायचं. ती सहसा चुकत नसे. म्हणून तर ऑर्विल हौगेनला तिने ठामपणे सांगितलं होतं की टेकडीवरच्या दफनभूमीत त्याची मावशी पुरलेलीच नाही.

ऑर्विल तिच्याच वर्गातला, आता ऐंशीचा. त्याची आई दर वसंतात टेकडीवरच्या एका उघड्या जागेपाशी थांबायची आणि म्हणायची, इथे लहानपणीच गेलेली माझी मोठी बहीण गुनहिल्ड आहे. येत्या रविवारी चर्चची बैठक होती. ज्या कबरींवर नाव नाही, त्या सपाट करायचं ठरणार होतं. दप्तरात मात्र गुनहिल्डचा बाप्तिस्मा होता, १८८१चा, आणि पुढे लग्नही. आईला म्हातारपणी भास झाला असेल, असं आर्लिस बोलून गेली. तेव्हापासून ऑर्विल तिच्याकडे कॉफीला फिरकला नव्हता.

गुरुवारी दुसऱ्याच कुटुंबासाठी दृढीकरणाची, म्हणजे पंधराव्या वर्षी चर्चमध्ये होणाऱ्या विधीची, यादी उतरवताना तिचा हात थांबला. साल १८९९, गुनहिल्ड, वय पंधरा. हिशोबाने अठरा हवं होतं. मागे तिने ही पाद्र्याची हलगर्जी समजून सोडून दिली होती. आता तिला स्वतःचे आजोबा आठवले. ते घरातले दुसरे निल्स. मूल गेलं की पुढच्या मुलाला तेच नाव द्यायचं, घरातून नाव जाऊ द्यायचं नाही, ही तर नॉर्वेहून आलेल्या सगळ्यांचीच रीत.

इथल्या दप्तरात दुसरा बाप्तिस्मा नव्हता, म्हणून ती गाडी काढून शेजारच्या गावच्या चर्चमध्ये गेली. तिथल्या बाप्तिस्म्याच्या वहीत १८८४ला गुनहिल्ड होती, आईबाप तेच.

ऑर्विल अंगणात बटाटे निवडत होता. त्याने मान वर केली नाही.

"काय गं, आज कुणाला जिवंत करून आलीस?"

"दोघी होत्या, ऑर्विल. लग्न झालं ते धाकटीचं. थोरली टेकडीवरच आहे."

त्याने हातातला बटाटा खाली ठेवला.

"म्हणजे आईला भास..."

"मला झाला होता. रविवारी सगळ्यांसमोर तसं सांगते."

"सांग. पण आधी आत ये, कॉफी टाकतो. तुझ्यासारखी पांचट नाही."

रविवारी बैठकीने ती जागा राखली. दगडावर काय कोरायचं, ते आर्लिसने लिहून दिलं: गुनहिल्ड, जन्म १८८१. मृत्यूचं साल कुठेच नोंदलेलं नव्हतं. अंदाजाने घालू का, असं कारागिराने विचारलं. तिने नकारार्थी मान हलवली आणि तेवढी जागा कोरी सोडायला सांगितली.