कोचीला कधी जावं

कोचीला कधी जावं, हे कुणालाही विचारायचं असेल तर मला विचारावं. मार्च ते मे अंगाची काहिली होते आणि घाम वाळत नाही. जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाऊस. ऑक्टोबर-नोव्हेंबरात परतीचा पाऊस दुपार झाली की गाठतोच. डिसेंबरच्या शेवटी नाताळची गर्दी. उरला जानेवारीचा मध्य ते फेब्रुवारीचा मध्य. तेव्हा हवा कोरडी, समुद्र शांत, आकाश धुतल्यासारखं. हे सगळं मी दीड वर्ष अभ्यास करून ठरवलं आणि त्यात चूक काढायला जागा नाही. ज्यांच्यासाठी ठरवलं त्यांना मात्र त्याचा उपयोग झाला नाही.

ते म्हणजे अण्णा, माझे वडील. आमचं घराणं बेंगळुरूत तीन-साडेतीनशे वर्षांपासून आहे. घरात बोलतो ते मराठी, पण पुण्याच्या पाहुण्यांना त्यात अर्धं कन्नड सापडतं आणि ते गालातल्या गालात हसतात. अण्णा बसवनगुडीतल्या एका कन्नड शाळेत इतिहास शिकवायचे. कोचीचा धडा आला की फळ्यावर बंदर काढायचे: इथे खाडीचं तोंड, इथे बेट, इथे पोर्तुगीजांनी किल्ला बांधला, इथे डच आले, मग इंग्रज. पुस्तकातला नकाशा बोटाएवढा होता, अण्णांचा नकाशा फळाभर. त्यांचे विद्यार्थी मोठे होऊन लग्नानंतर कोचीला फिरायला गेले, की परत येऊन पाया पडताना सांगायचे, सर, तुम्ही काढायचात अगदी तसंच आहे. अण्णा स्वतः कधी गेले नव्हते. शाळेला सुट्टी एप्रिल-मेमध्ये, आणि त्या दोन महिन्यांत घरात कुणाचं ना कुणाचं लग्न, मुंज, बाळंतपण निघायचंच. निवृत्तीनंतर आईचं आजारपण आलं, मग आई गेली, आणि घरात आम्ही तिघं उरलो. अण्णा, त्यांची थोरली बहीण, जिला सगळं घर अक्का म्हणतं, आणि लग्नाच्या भानगडीत न पडलेली मी.

अण्णांना काचबिंदू आहे, हे कळलं तेव्हा डावा डोळा जवळजवळ गेलेला होता. काचबिंदू दुखत नाही, खुपत नाही. नजर कडेकडेनं खात येतो आणि माणसाला वाटतं, दारंच अलीकडे अंगावर यायला लागली आहेत. डॉक्टरांनी मला उजव्या डोळ्याचा तपासणीचा कागद दाखवला. सगळीकडे काळं आणि मध्ये रुपयाएवढा पांढरा ठिपका. गेलेलं परत येत नाही, आहे ते थेंबांनी जपायचं, असं त्या म्हणाल्या. मग अण्णांकडे वळून त्यांनी स्वच्छ सांगितलं, की जे बघायची इच्छा आहे ते बघून घ्या, लांबवू नका. परत येताना आम्ही रिक्षा केली. गांधी बाजार आला तेव्हा अण्णा म्हणाले, कोचीला जाऊन येऊ या.

मी हो म्हटलं. मनापासून म्हटलं, हेही सांगायला हवं, कारण पुढचं ऐकून कुणाला तसं वाटणार नाही.

पहिली अट अक्कांनी घातली. आमच्यात समुद्राला वाटेल तेव्हा शिवत नाहीत. पिंपळाला शनिवारी शिवायचं आणि समुद्राला पर्वाच्या दिवशी, म्हणजे पुनवेला नाहीतर अवसेला. एरवी काठावर उभं राहून नमस्कार करायचा. अण्णांचा देवाधर्मावर बेताचाच विश्वास, पण थोरल्या बहिणीचं मन मोडायची त्यांना सवय नव्हती. शिवाय ते म्हणाले, एवढ्या लांब जाऊन पाण्यात पाय घालायचे नाहीत म्हणजे काय. तर पर्वाचा दिवस हवा. त्यात मला ऑफिस. एचएसआर लेआउटमधल्या कंपनीत मी एचआरमध्ये आहे, दुसऱ्यांच्या रजा मंजूर करणं हे माझं काम आहे आणि स्वतःची रजा मागताना माझी जीभ अडखळते. म्हणून पर्व शनिवारी किंवा रविवारी यायला हवं. आणि वर चांगला ऋतू.

एका हातात पंचांग आणि दुसऱ्या हातात हवामानाचं अॅप घेऊन मी बसायची. फेब्रुवारीतली पौर्णिमा बुधवारी. मार्चमधली अमावस्या रविवारी, पण तिकडे तोवर उकाडा सुरू. मेमधली शनिवारी, पण म्हाताऱ्या माणसाला मेमध्ये कोचीला नेणं म्हणजे काय ते तिथल्या माणसालाच विचारावं. मी हे सगळं जेवताना सांगायची आणि अण्णा ऐकून घ्यायचे. नाचता येईना अंगण वाकडं, हे मला तेव्हा कुणी म्हटलं असतं तर मी भांडले असते. मला खरंच वाटत होतं की मी त्यांच्यासाठी उत्तम ते शोधते आहे. एकदाच जाणार, तर आकाश स्वच्छ हवं, ठिपक्याएवढ्या नजरेत मावेल ते नीट मावावं.

जुलैमध्ये अण्णांनीच तारीख काढली. श्रावणातली पौर्णिमा, नारळी पौर्णिमा, त्या वर्षी शनिवार-रविवारला लागून आली होती आणि शुक्रवारी सुट्टी होती. समुद्राला शिवायला याहून मोठं पर्व नाही, जानवंही तिथेच काठावर बदलेन, असं ते अक्कांना म्हणाले आणि अक्का चक्क तयार झाल्या. मी म्हटलं, श्रावणात तिकडे धो धो पाऊस असतो. समुद्र खवळलेला असतो, दगड निसरडे असतात, तुम्हाला कडेचं दिसत नाही, पडलात तर काय करायचं. पाऊस पाहिलाय मी, अण्णा म्हणाले. त्यावर मी अॅपवरची काळ्या ढगांची रांग त्यांच्या उजव्या डोळ्यासमोर धरली. आणि शेवटी मी म्हणाले, शिवाय मला त्या दिवसांत म्हैसूरला ऑफिसचं ट्रेनिंग आहे.

ट्रेनिंग नव्हतं. ऑफिसातल्या चौघीजणींनी मिळून डोंगरातल्या मडिकेरीला दोन दिवस जायचं ठरवलं होतं. खोल्या घेऊन झाल्या होत्या. मला जायचं होतं. दीड वर्ष मी थेंबांच्या वेळा, पथ्य, अक्कांचे गुडघे आणि डॉक्टरांच्या तारखा यांच्यातून हललेही नव्हते. दोन दिवस मला कुणाचा हात धरायचा नव्हता. हे मी तसंच सांगितलं असतं तर अण्णांनी जा म्हटलं असतं, नक्की म्हटलं असतं. पण सांगायला लाज वाटली, म्हणून मी पावसाच्या आड लपले. आणि मडिकेरीला जाऊन त्याच पावसात भिजले. हसले, टेकडीवर चढले, गरम भजी खाल्ली. खोटं बोललेल्या माणसाची सहल बेचव होते म्हणतात, माझी झाली नाही. तेच मला अजून छळतं.

परत आले तेव्हा अण्णांनी ट्रेनिंग कसं झालं ते विचारलं आणि मी चांगलं झालं म्हणून सांगितलं. तेव्हाच मी जानेवारीतली पौर्णिमा पक्की केली, आरक्षण सुरू झालं त्या दिवशी सकाळी उठून तिकिटं काढली, आणि त्यांना सांगितलं की बघा, आता सगळ्यात उत्तम ऋतूत जाऊ.

कार्तिकात एके सकाळी अण्णा वर्तमानपत्र घेऊन बसले आणि त्यांनी मला हाक मारली. आज पेपर नीट छापलेला नाही का, असं विचारलं. मी पेपर बघितला. नीट होता. त्याच दुपारी डॉक्टरांकडे गेलो. मधला ठिपकाही गेला होता. असं होतं कधी कधी, डॉक्टर म्हणाल्या, शेवटचं जे उरतं ते हळूहळू जात नाही. आता उजेड आणि अंधार एवढा फरक कळेल. अण्णांनी मान हलवली, त्यांचे आभार मानले, आणि उठताना खुर्चीची पाठ हातानं चाचपून ती नीट आत सरकवून ठेवली. शाळेत इतकी वर्षं मुलांना शिकवलेली शिस्त.

तिकिटं रद्द करू का, असं मी विचारलं. विचारायला आठवडा लागला. अण्णा म्हणाले, काढली आहेत तर जाऊ. बैल गेला नि झोपा केला ही म्हण मी लहानपणापासून ऐकली होती, पण तो झोपा आपल्याच हातानं बांधताना कसं वाटतं ते मला त्या जानेवारीत कळलं. पहाटेच्या गाडीत ते खिडकीशी बसले. ऊन कोणत्या बाजूनं येतंय यावरून गाडी कुठे वळली ते सांगत होते. मला जेवणाचा डबा उघडवेना.

कोचीत आकाश खरोखरच स्वच्छ होतं. इतकं निळं की मला त्याचा राग आला. पौर्णिमा होती, रविवार होता, हवा कोरडी होती. मी मागितलेलं सगळं मला मिळालं होतं. फोर्ट कोचीच्या काठावर चिनी जाळ्यांपाशी मी अण्णांना हाताला धरून उभं केलं आणि दिसेल ते सांगायला लागले. लाकडाचे मोठाले वासे, त्यांना टांगलेली जाळी, दोर ओढणारी माणसं, एक मांजर. त्यांनी मला मध्येच थांबवून विचारलं, तोंड पश्चिमेला आहे ना माझं? मी हो म्हटलं. मग त्यांनी उजवा हात उचलला आणि सांगितलं, इकडे खाडीचं तोंड, पलीकडे बेट, बेटाच्या टोकाशी बोटींची जागा. डावीकडे काठाकाठानं गेलं की किल्ल्याच्या भिंतीचे अवशेष. मागे चर्च, पाच मिनिटांवर. मी वळून वळून बघत होते आणि सगळं तिथेच होतं. तेवढ्यात एक अवाढव्य जहाज अगदी जवळून आत शिरलं, आणि मी सांगायच्या आत अण्णा म्हणाले, मोठं आहे. उन्हावर सावली आली ना.

लोक फोटो काढत होते. मी पुन्हा सांगायला लागले, पाण्याचा रंग, होड्या, मासे विकणारे. मी फार भरभर बोलत होते. थांबले तर काय होईल याची मला भीती वाटत होती.

“स्वल्प थांब,” अण्णा म्हणाले. “श्रावणात तू म्हैसूरला गेली नव्हतीस ना?”

मी नाही म्हटलं. मडिकेरीला गेले होते, हेही सांगितलं, आणि मग सांगायला सुरुवात केली आहे तर सगळंच सांगितलं. खोल्या आधीच घेतल्याचं, पावसाचं निमित्त केल्याचं, मजा आल्याचंसुद्धा. त्या काठावर, माणसांच्या गर्दीत, मला रडू फुटलं. एक बाई तिच्या मुलाला दुसरीकडे घेऊन गेली. अण्णांनी माझा हात सोडला नाही.

तुम्हाला कसं कळलं, मी विचारलं.

“तुझे बूट,” ते म्हणाले. “गॅलरीत वाळत घातले होतेस. तळाला लाल चिखल होता. म्हैसूरच्या हॉलात बसून असा चिखल लागत नाही.” मग म्हणाले, “तेव्हा तेवढं दिसायचं मला.”

मी हिशेब केला नाही तरी तो आपोआप झाला. त्या डोळ्यात उरलेल्या थोड्या महिन्यांत त्यांनी जे बघितलं, त्यात माझे बूट होते. मी विचारलं, तेव्हाच का नाही बोललात. बोलला असतात तर मी पुढच्याच आठवड्यात आणलं असतं, पर्व असो नसो, पाऊस असो नसो.

“आणलं असतंस,” अण्णा म्हणाले. “लाजेनं आणलं असतंस. सगळा वेळ माझ्याकडे बघत बसली असतीस, आत्ता बसलीस तशी.”

पाणी काही पावलांवर होतं. मी त्यांच्या चपला काढल्या, धोतर जरा वर खोचायला लावलं, आणि आम्ही वाळूत उतरलो. पहिली लाट घोट्यापर्यंत आली तेव्हा त्यांनी वाकून पाणी डोळ्यांना लावलं, दोन्ही डोळ्यांना, रीतीप्रमाणे. नंतर सरळ उभे राहून बराच वेळ ऐकत राहिले. मला माफ करा म्हणायचं होतं, पण शब्द फार लहान वाटत होता, आणि मी म्हटलाही नाही. मी एवढंच म्हटलं, की अण्णा, परत येऊ आपण. तुम्ही सांगाल तेव्हा येऊ. तुम्ही म्हणाल त्या दिवशी मी रजा घेईन.

“सरी, बरं,” ते म्हणाले. “पण दिवस तूच बघ, तुला सोयीचा. मला आता कुठलाही ऋतू चालतो.”

त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.