चार घरांचं रिव्हॉल्वर

दातमावशी कवळ्या बनवायची. दवाखान्यामागच्या खोलीत प्लास्टरचे जबडे, हिरड्यांच्या गुलाबी मसाल्याचे डबे आणि घासायचं यंत्र, एवढाच तिचा संसार. लग्न केलं नाही. "दुसऱ्यांची तोंडं सांभाळण्यातच जन्म गेला," म्हणायची. हात मात्र असा, की तिची कवळी घालून म्हातारे अक्रोड फोडत.

वडील गेल्यावर तिच्या वाट्याला लोखंडाचा एक बोजड तुकडा आला. खाली घोडा, पुढे काहीच नाही. त्याची कथा घरात सगळ्यांना ठाऊक होती. आजोबांना चार मुलं आणि रिव्हॉल्वर एकच. मागे भांडण नको म्हणून मरायच्या आधी त्यांनी ते खोललं आणि चौघांत वाटून टाकलं. झालं उलटंच. नळी कुणाला आणि मूठ कुणाला यावरून असं काही पेटलं, की भावंडांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नाही.

मावशी सरळमार्गी. आधी पोलीस चौकीत गेली. फौजदाराने तुकडा उलटसुलट करून पाहिला.

"बाई, पाव हत्याराचा परवाना नसतो. पूर्ण करून आणा. मग बघू गुन्हा होतो का!"

तिथून ती वस्तुसंग्रहालयात गेली. शस्त्रदालनाच्या अधिकाऱ्याने पांढरे हातमोजे चढवले, भिंग लावलं आणि त्याचा चेहराच उजळला.

"हे जुन्या रिव्हॉल्वरचं धड आहे. इथे क्रमांक दिसतोय, पण कारखान्याचं नाव नळीवर असतं. नळी कुठाय?"

"थोरल्या काकांकडे."

"गोळ्यांची चक्री?"

"आत्याकडे. मूठ धाकट्या काकांकडे."

"मग घेऊन या की सगळं."

"सगळं आणता येईल हो. सगळ्यांना कसं आणू?"

थोरले काका नळीने शेगडी फुंकत होते. आत्याने चक्रीच्या भोकांत विणायच्या सुया खोचल्या होत्या. धाकट्या काकांचं कपाट डगमगायचं, त्याच्या पायाखाली मूठ होती. एकानेही वस्तू मावशीच्या हाती दिली नाही. "माझा वाटा आहे, मीच आणणार," तिघांचं एकच उत्तर. एवढं एकमत त्या घराण्यात पहिल्यांदाच झालं असावं.

ठरल्या दिवशी तिघं तीन दारांनी आत आले. अधिकाऱ्याने सगळे भाग जुळवले, पण नळी धडाला धरून ठेवणारी पाचर कुणाच्याच वाट्याला आली नव्हती. सोडलं की रिव्हॉल्वर सुटं व्हायचं. त्यामुळे चौघांनी आपापला वाटा घट्ट धरला आणि अधिकारी त्यांच्या बोटांमधून भिंग फिरवू लागला.

"आत्या, अंगठा जरा बाजूला घ्या."

"थोरल्याला आधी सांगा. माझ्या हद्दीत आलाय तो!"

नळी आणि धडाचा क्रमांक एकच निघाला, चक्रीचा मात्र वेगळा. थोरले काका कडाडले, "बदलली! मला तेव्हाच वाटलं होतं!" चक्री मोडली की जुन्या काळी दुसरी बसवत, हे अधिकाऱ्याने समजावेपर्यंत आत्याने पिशवीतून सुई उपसली होती.

त्याने जपणुकीचे नियम सांगितले. चकाकी आणू नका, जुना रंग हीच ओळख. चामड्यात गुंडाळू नका, ओल धरतं. हातमोजे घाला, वर तेलाचा पातळ हात फिरवा. "आणि कृपा करून शेगडी फुंकू नका."

पाचरीचं काम मावशीने अंगावर घेतलं. लोखंड तिचा प्रांत नव्हता. तिने खाचेचं माप मेणात घेतलं आणि कवळीच्या मसाल्याची पाचर घडवली. हिरड्यांसारखी गुलाबी. अधिकारी आधी दचकला, मग खूश झाला. "उत्तम! अस्सल भागाला धक्का नाही, हवी तेव्हा काढता येते, आणि नवी आहे हे आंधळ्यालाही कळेल." चौकीत नेलं तेव्हा फौजदारानेही निरखून पाहिलं. "बार काढला तर?"

"पाचर तुटेल आणि नळी तुमच्या पायावर पडेल," मावशी म्हणाली.

त्याने हत्यार निकामी असल्याचा शिक्का लगेच मारला.

रिव्हॉल्वर संग्रहालयाच्या काचेत ठेवायचं, हे कसंबसं ठरलं. पाटीवर पहिलं नाव कुणाचं, यावर मात्र पुन्हा जुंपली. शेवटी अधिकाऱ्याने चारही नावं गोलाकार छापली. आता बघणारे त्या काचेपुढे माना वाकड्या करून उभे राहतात, आणि आपल्या नावापासूनच वाचायला सुरुवात करतात की नाही, हे बघायला आत्या दर रविवारी तिथे बाकावर बसते.