काउंटाची थप्पड

आमच्या ह्यांना सातव्या वर्षी काउंटाने थप्पड मारली आणि जन्माचं काम लावून दिलं. गुन्हा काहीच नव्हता. म्हाताऱ्या काउंट आर्नूने आमच्या ओनेल गावाला डुकरं चारायला रान दिलं, ते कुठपर्यंत हे घोड्यावरून उतरून मोठ्याने सांगितलं, आणि समोर उभ्या केलेल्या तीन पोरांच्या कानाखाली जाळ काढला. मार बसला की पोर विसरत नाही, साक्ष म्हातारपणापर्यंत टिकते. काउंटाच्या ताब्यातल्या व्हालोंज परगण्यात तेव्हा कागद नव्हते, असंच चालायचं.

रेनूल त्यांचं नाव. लग्न होऊन आले त्याच आठवड्यात मी ती सकाळ ऐकली, मग जन्मभर ऐकत राहिले. धुकं होतं म्हणे, इतकं की घोड्यांना पायच नव्हते, नुसती पोटं तरंगत आली. काउंटीणबाईंची निळी बाही ओल्या गवतावरून ओढली जात होती. मग थप्पड, आणि सगळं रान गोल गोल फिरलं. इथे ते थांबायचे. चमचा हवेत, डोळे कुठेतरी दूर.

"अहो, जेवा आता. तो काउंट मरून माती झाला."

"हो गं. पण धुकं अजून आहे."

असल्या माणसाशी भांडायचं तरी कसं? पुढे पुढे पीठ मळताना मलाही ती निळी बाही दिसायला लागली. वेड लागायला सोबत लागत नाही म्हणतात, मला मात्र ह्यांची लागली.

म्हातारा काउंट तर कधीच गेला होता. त्याचा मुलगा येरुशलेमच्या लढाईला गेला तो परतलाच नाही, आणि त्याच्या विधवेने कंबर कसून परगणा सांभाळला. मग नातू आला, गिराल. त्याचा नवा कारभारी म्हणाला, तुमचं रान ओढ्यापर्यंतच. गाव म्हणालं, टेकडीवरच्या ओकच्या झाडांपर्यंत. ओढ्याच्या अलीकडे नुसती झुडपं. डुकरांना ओकची फळं नाहीत तर खारवलेलं मांस नाही, आणि त्याच्याशिवाय हिवाळ्यात खायचं काय? थप्पड खाल्लेले बाकीचे दोघे केव्हाच वारले होते. उरले होते आमचे हे.

मला धडकी भरली. कारण ह्यांच्या गोष्टीत काउंट कधी ओढा म्हणायचा, कधी ओक. थप्पड पक्की बसली होती, शब्द उडून गेले होते.

निवाड्याच्या दिवशी चर्चच्या अंगणात संताची हाडं असलेली पेटी ठेवली. तिच्यावर हात ठेवून खोटं बोलणारा थेट नरकात जातो.

"बोला आजोबा, कुठपर्यंत?" गिरालने विचारलं.

ह्यांनी डोळे मिटले. "धुकं होतं, मालक..."

"धुकं राहू द्या. हद्द सांगा."

हे डोळे मिटूनच उभे. "म्हातारा झोपला वाटतं," कारभारी म्हणाला.

"मालक, एक थप्पड मारता का?" हे म्हणाले. "आठवेल कदाचित."

लोक हसले. गिरालने हात उचलला आणि खाली घेतला. "तुम्ही मला आजोबांसारखे. नाही होणार माझ्याच्याने."

माझ्या अंगात काय आलं, देव जाणे. पुढे झाले आणि ह्यांच्या कानशिलात ठेवून दिली. हे जागच्या जागी डुलले, चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं. पेटीवर हात ठेवून म्हणाले, "ओक. टेकडीवरचे ओक."

गिराल डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला आणि रान आमचं म्हणाला.

घरी जाताना आम्ही ओढ्याकाठाने चाललो होतो. पाण्यावरून पांढरी वाफ वर येत होती, पायाखालची वाटही दिसत नव्हती.

"अहो, खरंच आठवलं का?"

त्यांनी पायाने वाट चाचपली. मग म्हणाले, "नाही गं."

आणि पुढचं पाऊल टाकत, "असू दे. खोटं असलं तर नरकात मी एकटाच जाईन. गाव तर जेवेल."

मला रडू आलं, आणि संतापही आला. मी त्यांचा दंड घट्ट धरला.

"एकटे कसे जाल? थप्पड माझी होती."